इंजिनाच्या आडोशाला

इराणमधल्या अंझली बंदराच्या धक्क्यावर यावर नावाच्या होडीवाल्याला हळू बोलताना कोणी ऐकलेलं नाही. चहा मागवायचा तर पैलतीरावरच्या माणसाला हाक मारावी तसा मागवायचा. कोणाच्या मयताला गेला, तर सांत्वनाचे दोन शब्दही असे बोलायचा की घरच्यांना त्याला दंडाला धरून बाहेर आणावं लागायचं. तसा स्वभावाने मवाळ. पण चौतीस वर्षं लोत्केच्या मागच्या फळीवर, इंजिनाच्या पेटीला गुडघा लावून बसलेल्या माणसाचे कान शाबूत कसे राहणार? डावा पार गेला होता. उजव्यावर कसंबसं भागत होतं.

त्याची लोत्का लाकडी, हिरवी, आठ माणसं बसतील एवढी होडी होती आणि तिच्यात एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. बाकीच्यांनी केव्हाच फायबरच्या होड्या घेतल्या. हा लाकूड सोडायला तयार नव्हता. उन्हाळ्यात तेहरानची मंडळी मुरदाबाच्या, बंदरामागच्या दलदलीच्या सरोवराच्या, उथळ पाण्यात कमळं बघायला यायची, आणि त्यांना आवाजच हवा असायचा. आवाज नसला की होडी पळतेय असं त्यांना वाटत नाही. बाया किंचाळायच्या, पोरं टाळ्या पिटायची, आणि बगळे अर्धा कोस आधीच उडून जायचे. मग तीच मंडळी जाब विचारणार, "आगा, पक्षी कुठेत? पक्षी दाखवणार होतात ना?" यावरला ते ऐकूच जायचं नाही, म्हणून पुष्कळशी भांडणं व्हायची राहिली.

सोमवारी धक्का ओस. त्या दिवशी यावर आपल्या बायकोला, गुलनिसाला, घेऊन निघायचा. मुरदाबाच्या दक्षिण काठाला तिचं माहेर, भातशेतीचं गाव. तिथे तिची धाकटी बहीण राहायची. वाट पाऊण तासाची. गुलनिसा बहिणीसाठी धुरी दिलेला मासा नाहीतर कुलुचे, आत गोड सारण भरलेली बिस्किटं, बांधून घ्यायची, लोत्केच्या पुढच्या टोकाला जाऊन पुढे तोंड करून बसायची, आणि धक्का मागे पडून बोरूची बनं सुरू झाली की गायला लागायची.

ती गाते हे यावरला दिसायचं. ऐकू मात्र यायचं नाही. तिचे खांदे वर जायचे, श्वास घेताना पाठ रुंद व्हायची, उजव्या हाताची बोटं होडीच्या काठावर ठेका धरायची. तो तिच्यापासून आठ-दहा हात लांब आणि इंजिनापासून वीतभर. सुरुवातीला एकदा त्याने ओरडून विचारलं होतं, "काय म्हणतेयस?" तिने मागे वळून नुसता हात हलवला होता, काही नाही म्हणून, आणि पुढची सगळी वाट गप्प बसली होती. तेव्हापासून त्याने विचारलं नाही. ती गायला लागली की तो इंजिन एका लयीत ठेवायचा. वाढवायचा नाही, कमी करायचा नाही. तेवढंच त्याच्या हातात होतं. बायको कशी गाते म्हणून कोणी विचारलं असतं, तर बिचाऱ्याला फक्त तिच्या पाठीचं वर्णन करता आलं असतं.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता गुलनिसाच्या गळ्यातली गाठ रुमालातून दिसायला लागली. मुलगा तेहरानला नोकरीत. त्याने फोनवर फोन करून दोघांना रश्तच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर तरुण होता, पण सरळ बोलणारा. "गाठ काढावीच लागेल. ती आवाजाच्या नसेला चिकटलीय. नस वाचवायचा प्रयत्न मी करीन, पण खोटा दिलासा देणार नाही. जीवाला धोका नाही. आवाजाचं मात्र काही सांगता येत नाही."

यावरने "काय म्हणालात?" असं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा गुलनिसाच खुर्चीवरून वाकली, त्याच्या उजव्या कानाला तोंड लावून म्हणाली, "माझा आवाज जाईल म्हणतात."

परतीच्या बसमध्ये तीच त्याची समजूत काढत होती. "तोंड का पाडलंयस? तुला तसंही माझं ऐकू कुठे येतं? तुला काही फरक पडायचा नाही." यावर हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. त्याने खिडकीकडे तोंड केलं. बाहेर भात कापून झालेली खाचरं एकामागून एक मागे जात होती.

ऑपरेशनला शरदातल्या मेहर महिन्याची एकवीस तारीख ठरली. मध्ये तीन सोमवार होते. तिचा आवाज जायच्या आधी तो एकदा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, नीट ऐकायचा, एवढं त्याने बसमध्येच मनाशी ठरवलं.

आधी सोपा मार्ग करून पाहिला. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात बाकल्याच्या शेंगा सोलत बसली होती, तेव्हा हा समोर जाऊन बसला. "गुलनिसा, एखादं गाणं म्हण की."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने भर बाजारात फुगडी घाल म्हटलं होतं. "खालच्या मजल्यावर शेजारीण आहे, वर शेजारीण आहे. वेड लागलंय का? शेंगा सोल."

म्हणजे घरात नाही. लोत्केतच. मग पाण्यात इंजिन बंद करून बसावं, तर तेही आधी झालं होतं. कैक वर्षांपूर्वी एकदा बोरूच्या बनात इंजिन मध्येच मेलं होतं. गुलनिसा गात होती ती चटकन गप्प झाली, आणि तासाभराने इंजिन लागेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. यावरने तेव्हा त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता: ही होडी चालत असेल तरच गाते, थांबली की घाबरते. वल्ही मारायला त्याचा खांदा आता साथ देत नव्हता. तेव्हा इंजिन चालू हवं आणि गप्पही हवं. या निष्कर्षाला तो किती शहाणपणाने पोचला होता, याचं त्यालाच कौतुक वाटलं.

तो उस्ता कासआगाकडे गेला. डोळे निळे, तिथल्या बोलीत 'कास', म्हणून कासआगा; खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसावं. धक्क्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.

"उस्ता, इंजिन गप्प करायचंय."

"मग बंद कर."

"चालतं ठेवून गप्प करायचंय."

कासआगाने हात पुसले. "का रे बरार, भावा? रात्री बदकं मारायला जाणारेस? का अजून काही चोरून आणायचंय? आयुष्यभर अख्ख्या बंदराचे कान किटवलेस, आता म्हातारपणी ही लाज कुठून आली?"

"तुला जमतंय का नाही ते सांग."

"जमतंय. पण गिऱ्हाइकं जातील. गप्प होडीत कोण बसणार? मयत न्यायची असेल तर गोष्ट वेगळी."

यावरने कारण सांगितलं नाही. बायकोचं गाणं ऐकायचंय, असं बंदरावर बोलून दाखवणं त्याला जमण्यातलं नव्हतं.

पहिला आठवडा त्याच्या हुशारीत गेला. कासआगा येईपर्यंत थांबायला नको म्हणून त्याने तालिशच्या डोंगरातून मेंढपाळांचं जाड लोकरी नमद आणलं आणि पेटीला आतून ठोकून टाकलं. ट्रकच्या टायरचे तुकडे कापून इंजिनाच्या पायांखाली सरकवले. मग इंजिन लावलं, तर ते त्या मऊ रबरावर असं नाचायला लागलं की पाण्यातल्या पंख्याचा दांडा होडीच्या तळावर ठाण्‌ठाण् आपटू लागला. आवाज दुप्पट झाला. धक्क्यावरचे होडीवाले चहाचे पेले घेऊन बघायला जमले.

"यावर, वाहव्वा. आता रश्तपर्यंत ऐकू जाईल."

कासआगाने आल्या आल्या नमद ओरबाडून बाहेर फेकलं. "हे तेल पिईल आणि एक दिवस पेटेल. तुझी होडी, तुझी दाढी, सगळं एकदम जाईल. हात लावू नकोस कशाला." मग त्याने लोत्का पाण्याबाहेर काढायला लावली. एका मोडक्या छोट्या ट्रॅक्टरचे कडक रबराचे पाय त्याने शोधून आणले, ते बसवले, पंख्याचा दांडा आणि इंजिन एका रेषेत येईपर्यंत दीड दिवस पत्र्याच्या चकत्या घालत-काढत बसला. पंख्याचं एक पातं किंचित वाकलं होतं ते सरळ केलं. धुराचा उभा नळ कापून टाकला. इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी धुरातच सोडलं, तो ओला धूर जाड रबरी नळीतून एका डब्यात नेला, आणि तिथून मागे पाण्याच्या पातळीला बाहेर काढला. पेटी नवी बांधली: प्लायवूडच्या दोन भिंती, मध्ये जड रबरी चटई, आतून काचेचा कापूस आणि त्यावर भोकं पाडलेला पत्रा.

"आवाज पाण्यासारखा असतो," कासआगा काम करता करता म्हणायचा. "शंभर फटी बुजव आणि एक राहू दे, त्या एकीतून सगळा बाहेर येतो." झाकणाच्या कडेला त्याने मोडक्या फ्रिजच्या दाराचं रबर लावलं. इंजिनाला हवा तर लागणार, म्हणून पेटीच्या तळाशी एक वाकडीतिकडी बोळवजा वाट ठेवली, तीही आतून कापसाने मढवलेली. हवा वळत वळत आत जाईल आणि आवाज वळणावर थकेल.

या सगळ्यात दोन सोमवार गेले. लोत्का काठावर ओढून ठेवलेली. गुलनिसा दोन्ही वेळा कापडात बांधलेले कुलुचे घेऊन धक्क्यावर आली, कामाकडे थोडा वेळ पाहत उभी राहिली आणि घरी परतली. दुसऱ्या वेळी तिने एवढंच विचारलं, "फार महत्त्वाचं काम आहे का रे?"

"फार," यावर म्हणाला.

तीनमधले दोन सोमवार आपण तिच्याकडून काढून घेतले, हे तेव्हा त्याच्या लक्षातही आलं नाही. पुढे आयुष्यभर त्याच्या मनाला ही गोष्ट टोचत राहिली.

तिसऱ्या सोमवारी सकाळी लोत्का पाण्यात होती. यावरने इंजिन लावलं आणि लागलं नाही असं वाटून पुन्हा लावायला गेला. मग पेटीवर तळहात ठेवला, तेव्हा आत ते चालू असल्याचं कळलं. धक्क्यावरून कोणीतरी ओरडलं, "यावर, वल्ही विसरलास." तो नुसता हसला.

धक्का मागे पडला. होडीच्या नाकाखाली पाणी कापलं जातं त्याचा आवाज त्याने किती वर्षांत ऐकला नव्हता. उजव्या कानाने का होईना, पण ऐकू येत होता. पाणकोंबड्या बाजूने पोहत होत्या आणि उडत नव्हत्या. कमळांचा मोसम संपला होता, पानं कडेने करपली होती. गुलनिसाच्या बांगड्या काठाला लागून वाजल्या तेही त्याला ऐकू आलं. ती खोकली तेही ऐकू आलं. बोरूची बनं सुरू झाली. यावर सुकाणूवर हात ठेवून पुढे झुकला आणि थांबला.

गुलनिसा गायली नाही.

पहिला फाटा गेला, दुसरा गेला. तिचे हात मांडीत होते. एकदा तिने श्वास घेतला, पाठ रुंद झाली. त्याने उजवा कान पुढे केला. आणि तिने तो श्वास तसाच सोडून दिला. मग ती वळली, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान झालंय काम."

चालत्या लोत्केत बोललेलं तिचं वाक्य त्याला कित्येक वर्षांनी कळलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण ती पुन्हा समोर वळली, आणि माहेरच्या काठापर्यंत दोघंही गप्प राहिली.

बहीण शेतात गेली होती. दोघं अंगणात तुतीखाली बसली. यावरला आता राहवेना.

"तू गायली नाहीस."

गुलनिसाचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "तुला काय माहीत मी गाते ते?"

"दिसतं की. चौतीस वर्षं मागे बसून काय करतोय मी? तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं. तुझं ऐकायचं होतं एकदा. एकवीस तारखेच्या आधी."

ती रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "यावर, मी इंजिन आहे म्हणून गायचे. कोणाला ऐकू जात नाही म्हणून."

"पण का? गावात तर तू भाताच्या बेणणीला सगळ्या बायकांच्या पुढे गायचीस. तुझी आईच सांगायची. मग माझ्यापाशी काय झालं?"

"तूच म्हणालास ना."

"मी? काय म्हणालो?"

"लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. तेव्हा वल्ही होती. आपण असेच निघालो होतो, मी सहज म्हणायला लागले. बाजूने मासे पकडणाऱ्यांची होडी आली. त्यांनी वल्ही थांबवली, त्यातला एक जण वाहवा म्हणाला. तू वल्हं पाण्यावर आपटलंस. म्हणालास, गप्प बस, तमाशा मांडलायस का? गायचंच तर घरात गा." ती शांतपणे, जुना हिशेब मिटल्यासारखी सांगत होती. "घरात तुझी आई होती. दोन वर्षांनी तू इंजिन आणलंस. पहिल्याच दिवशी मी बघितलं, मी ओरडले तरी तुला काही कळत नाही. तेव्हापासून गाते."

यावरला ते आठवेना. मग हळूहळू आठवलं, नुसतं वल्हं आपटल्याचं आणि तोंडावर उडालेल्या पाण्याचं. त्या वेळी तो चोवीस वर्षांचा होता आणि त्या 'वाहवा'ने त्याच्या डोक्यात तिडीक गेली होती. गाण्याची दीड ओळ तेवढी कानावर पडली असेल. ती कशी होती, ते काही केल्या आठवत नव्हतं.

"मी गाढव होतो," तो म्हणाला.

"होतासच. पण तेव्हा सगळेच असतात." ती हसली. "आणि मला त्यात कमी काही पडलं नाही. जिथे कोणी ऐकत नाही तिथे माणूस कसा मोकळा गातो, तुला काय ठाऊक. चुकलं तरी आपलंच. एवढी एक जागा माझी स्वतःची होती."

"आता म्हण. इथे कोणी नाही. मीच आहे."

तिने खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले, तोंड उघडलं. गळ्यातली ती गाठ हलली. मग तिने मान हलवली. "नाही येत रे. तू कान लावून बसलायस ना, नाहीच येत."

त्याला भोकाड पसरून रडावंसं वाटलं. एवढा खटाटोप करून त्याने काय केलं, तर पहिल्यांदा रागाने तिला गप्प केलं होतं, आणि या वेळी प्रेमाने. तो उठला. मेव्हणीच्या घरातून पाना आणला, लोत्केत उतरला आणि कासआगाने दोन आठवडे खपून बांधलेली पेटी उचकटून काठावर टाकली. थंडाव्याचं पाणी दुसऱ्या बाजूने वळवलं, रबरी नळी सोडवली आणि धुराचं तोंड उघडं केलं.

"काय करतोयस?" गुलनिसा धावत आली. "एवढं छान झालं होतं."

"बस पुढे. उशीर होतोय."

इंजिन लागलं आणि तुतीवरची पाखरं उडाली. धूर थेट यावरच्या तोंडावर येत होता. आवाज आधीपेक्षाही वाईट; हाडांत घुसत होता. गुलनिसा क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग पुढच्या टोकाला जाऊन बसली.

पहिल्या बनाशी तिचे खांदे वर गेले.

त्या दिवशी ती धक्क्यापर्यंत गात आली. एक संपलं की दुसरं, थांबलीच नाही; दोन गेलेले सोमवारही तिने त्यात भरून घेतले असावेत. बोटं काठावर ठेका धरत होती. एकदा तिने मान इतकी मागे टाकली की रुमाल घसरून खांद्यावर आला आणि तिने तो सावरला नाही. यावर इंजिन एका लयीत ठेवून मागे बसला होता, आणि धुरामुळे डोळ्यांतून पाणी येतंय असं कोणालाही सांगता आलं असतं. त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही.

एकवीस तारखेला ऑपरेशन झालं. गाठ गेली. नस वाचली नाही. गुलनिसाला आता कुजबुजावं तेवढाच आवाज होता, नुसता वारा असलेला. आणि नवरा असा की ज्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही. काही हवं असलं की ती टाळी वाजवायची, नाहीतर टेबलावर चमचा आपटायची. मग तो येऊन तिच्या ओठांकडे बघायचा. सोमवारी तरीही दोघं जायची. ती पुढे बसायची, पण पाठ करून नाही. त्याच्याकडे तोंड करून. तिथे आता लपवायला काही उरलं नव्हतं. पेटी त्याने पुन्हा बसवली होती.

इस्फंद महिन्यात, नौरोजच्या जरा आधी, बहिणीकडून तांदळाचं पोतं आणायला यावर एकटाच गेला होता. परतताना दुसऱ्या फाट्यावर मश्दी फर्रुखने त्याला हात केला. मशहदची यात्रा करून आलेला म्हणून मश्दी; तो बोरू कापायचा. त्या बनातच त्याची झोपडी होती. सत्तरीचा, नमाजी, मोजकं बोलणारा. त्याने चहा दिला.

"घरच्यांची तब्येत बरी आहे ना?" फर्रुखने मोठ्याने विचारलं. यावरशी कसं बोलायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

"बरी आहे. आवाज गेला. बाकी बरी."

फर्रुखने पेला खाली ठेवला. "गेला?" तो म्हणाला. "आम्ही म्हणत होतो, सोमवार आले तरी..." आणि गप्प झाला.

"आम्ही कोण? काय म्हणत होता?"

"काही नाही. चहा घे."

"मश्दी, बोल."

"रागावणार नाहीस?" फर्रुख खाली बघत राहिला. "सोमवारी आम्ही विळे थांबवायचो. मी, माझे भाऊ, पलीकडचे मासेवाले. वर्षानुवर्षं. तुझी लोत्का यायच्या आधी तिचं गाणं यायचं. बाई पुढे, इंजिन मागे. आधी गाणं, मग तुझा तो गोंधळ. वळणाआडून लांबपर्यंत पोचायचं. माझी बायको गेली त्या वर्षी तर मी सोमवारची वाट बघायचो."

यावरने विचारलं, "सगळ्यांना ऐकू यायचं?"

"सगळ्यांना. या बनातल्या पोरासोरांना ती गाणी येतात."

"आणि मला एकानेही सांगितलं नाही? चौतीस वर्षं?"

"काय सांगणार, बरार? तुझ्या बायकोचा आवाज आम्ही कान देऊन ऐकतो, हे तुझ्या तोंडावर कसं बोलायचं? तू काय समजला असतास? आणि तू तर मागेच बसलेला. आम्हाला वाटायचं, तुला ऐकू येतंच असेल."

मग यावरने आपलं बूड फर्रुखच्या डाव्या बाजूला सरकवलं, म्हणजे चांगला कान त्याच्याकडे आला. "म्हणून दाखव."

"मी? माझा गळा..."

"म्हण, मश्दी."

फर्रुखने इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणायला लागला. फाटका, कापरा, म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. भाताच्या बेणणीचं गाणं होतं. दोन ओळींनंतर तो अडखळला. "असं नव्हतं. ती इथे वर जायची आणि तिथेच राहायची, श्वास न घेता. ते मला येत नाही."

"येईल तेवढं म्हण," यावर म्हणाला, आणि आणखी जवळ सरकला.

त्याने ते तीनदा म्हणून घेतलं. फर्रुख दमून गेला, तेव्हा यावर उठला.

घरी पोचला तेव्हा भात गार होऊन ताटात वाट बघत होता. गुलनिसाने चमचा आपटला. त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. इतका उशीर का, कोण भेटलं वाटेत, असं ती विचारत होती.

बनातला माणूस न् माणूस तुझ्यासाठी विळा थांबवायचा, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ती एक जागा तिची स्वतःची होती, तिथे कोणी ऐकत नव्हतं म्हणूनच ती तिची होती. त्याने एकदा ती वल्ह्याने मोडली होती, एकदा रबर आणि कापसाने. तिसऱ्यांदा त्याच्याने होईना.

"कोणी नाही," तो म्हणाला, नेहमीसारखा मोठ्याने, आणि जेवायला बसला.